काचेवरचा तांबेरा

आमच्या घरात मासे आले ते माझ्या हौसेनं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कळमनुरीत माझ्याविषयी जेवढं बोललं जातं तेवढं पुरेसं आहे, त्यात "मासे पाळणारे बालाजीराव" ही भर नको. मी कृषी खात्यातला माणूस. पूर्वी आम्हाला कृषी सहायक म्हणायचे, आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात. एक शब्द वाढला, मोटारसायकल तीच राहिली. आखाडा बाळापूरच्या बाजूची गावं आणि तांडे माझ्याकडे आहेत. तिथली माणसं मला बघून उठून उभी राहतात. सगळी नाही, पण काही राहतात.

मासे आले ते आईसाठी. आई म्हणजे गोजरबाई, पुसेगावची. तिचा जन्म गोठ्यात गेला. पहाटे उठून जनावरं मोजायची, त्यांच्यापुढं चारा टाकायचा, आणि मगच स्वतःच्या तोंडात भाकरीचा तुकडा. वडील गेले त्या साली सुद्धा हा नेम मोडला नाही. गेल्या वर्षी मात्र गोठ्यात पाय घसरून ती पडली, आणि कुणीतरी दूध न्यायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. गुडघा कामातून गेला. मी जनावरं चुलतभावाच्या दावणीला बांधली आणि आईला कळमनुरीला घेऊन आलो.

आणलं खरं, पण सकाळी ती काही खाईना. दारात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायची.

"आई, निदान चहा तरी घे."

"कोन्या जनावराला घातलं म्हून घेऊ?"

आता याला कृषी खात्याकडे उत्तर नाही. अंगणात गाय बांधायची तर अंगण एवढंसं, त्यातलं निम्मं माझ्या मोटारसायकलीनं अडवलेलं. शेळीचा विषय मी काढला, तेव्हा पलीकडच्या भिंतीवरून रुक्माबाईंनी आपल्या भाजीच्या वाफ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी विषय मिटवला. शेवटी माझी बायको प्रियंका म्हणाली, "आईंना मुकं जनावर पाहिजे ना? मग मासे आणा. त्यांच्याएवढं मुकं कोण असतं?" प्रियंका फार बोलत नाही, पण बोलली की घरात एखादी वस्तू येते.

हिंगोलीहून काचेची पेटी आणली, हवा सोडणारं यंत्र आणलं, कयाधू नदीची थोडी वाळू तळाशी टाकली, आमच्या बोअरचं पाणी भरलं, आणि काही दिवसांनी चार मासे सोडले. आईनं पहिल्या दिवशी लांबूनच बघितलं. "ह्यायला दूध न्हाई, शेण न्हाई. काय कामाचे?" दुसऱ्या दिवशी खुर्ची दारातून उठून पेटीसमोर आली. आठवडा जाईतो नावं पडली होती. पांढरा मासा चांदी, ठिपक्यांचा हरणी, तांबडा कपिली. काळा मासा मोठ्या डोळ्यांचा आणि अंमळ आळशी होता. त्याला नाव वगैरे नाही, तो नुसती 'म्हस'. रोज उठल्यावर आई काचेला नाक लावून चौघांना मोजायची, चिमूटभर खाद्य टाकायची, आणि मग भाकरी खायची. सगळी भाकरी! मी ऑफिसला निघताना दारात उभा राहून ते बघायचो. आपण आईला नीट सांभाळतोय असं वाटायला माणसाला फार लागत नाही.

आणि मग काचेवर ते आलं.

आधी वाळूवर तपकिरी धूळ बसल्यासारखी दिसली. मग ती दगडांवर चढली, मग काचेवर. हात लावला की निघायची आणि पाठ फिरवली की पुन्हा हजर. आईनं एका नजरेत निदान केलं. "तांबेरा पडला."

"आई, तांबेरा पिकावर पडतो. काचेवर कसा पडेल?"

"मंग हे काय, मेंदी हाय का?" आई म्हणाली. "लोकायच्या गव्हाचा तांबेरा घालवतो म्हून सरकार तुला पगार देऊन राहिलं, अन् घरच्या काचेचा तांबेरा तुला जाईना व्हय?"

हे ती खिडकी उघडी असताना म्हणाली. पलीकडं रुक्माबाईंचे यजमान व्यंकटराव दाढी करत होते. व्यंकटराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणाचं काय चुकतंय हे बघायची सवय सुटलेली नाही. त्यांचा वस्तरा थांबलेला मला स्पष्ट दिसला. तेव्हा हा विषय आता माझ्या अब्रूचा झाला, हे कुणीही समजू शकेल.

मी रविवार धरून अख्खी पेटी उपसली. मासे बादलीत, दगड उन्हात, काच घासूनपुसून लख्ख. बोअरचं ताजं पाणी आणि ताजी वाळू. वाळूसाठी कयाधूला गेलो आणि येताना अर्धी गोणी मोटारसायकलवर बांधली. तिठ्यावर वाळू पकडणारं पथक उभं होतं. मोठमोठे टिप्पर कुठून जातात देव जाणे, मी मात्र बराबर सापडलो.

"गोणीत काय हाय?"

"वाळू."

"कशाला?"

"माशांना."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातला एकजण म्हणाला की एवढ्या वर्षांच्या नोकरीत बांधकाम ऐकलं, मंदिर ऐकलं, आजारी सासू सुद्धा ऐकली, पण मासे पहिल्यांदाच ऐकून राहिलो. मी माझं ओळखपत्र दाखवलं. त्यामुळं प्रकरण जास्तच बिघडलं, कारण सरकारी माणूसच वाळू नेतोय म्हटल्यावर त्यांना वर विचारावं लागलं. अखेर घरी फोन लावून प्रियंकाकडून पेटीचा फोटो मागवला, तेव्हा सुटलो. गोणी दिली, पण जाताना "चांदीला सांगा आमचा रामराम" असं कुणीतरी म्हणालं. नावं प्रियंकानं कळवली होती.

पेटी चार दिवस चमकली. मग तांबेरा आला, आणि आधीपेक्षा दाट आला. मी पुन्हा उपसली, पुन्हा बोअरचं पाणी, पुन्हा उरलेली वाळू. तो पुन्हा आला. खरं सांगू का, राग येता येता मला त्याचं कौतुक वाटायला लागलं. एवढी मारहाण होऊन दर वेळी नव्या उमेदीनं उगवणारं पीक माझ्या हद्दीत दुसरं नाही. असं सोयाबीन असतं तर मी आज मंत्रालयात असतो.

शेवटी व्यंकटराव पुढाकार घेऊन घरात आले. पेटीभोवती एक फेरी मारली, वाकून खालून बघितलं, काचेवर टिचकी मारली. "बालाजीराव, शेवाळ कशावर वाढतं? उजेडावर. उजेड तोडा, शेवाळ खलास." त्यांनी स्वतः घरून जाड गोणपाट आणलं आणि पेटीवर टाकलं. आता आईला मासे मोजायचे तर गोणपाट उचलून, डोकं आत घालून, अंधारात "कपिली... ए कपिली" अशा हाका माराव्या लागायच्या. आणि तांबेरा? त्याला तो अंधार असा मानवला की विचारू नका. पुढच्या आठवड्यात काच आहे की चहाची किटली हे ओळखू येईना.

मग रुक्माबाईंचा उपाय आला. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही दुखण्याला शेवटी हळदच लागते. पिकतेच एवढी, की ती न वापरणं हा तिचा अपमान. लेकरू पडलं, हळद. घसा धरला, हळद. "चमचाभर टाका, कसला रोग ऱ्हाते ते मी बघते," असं म्हणून त्यांनी घरची हळद आणून दिली. मी नको म्हणेपर्यंत व्यंकटरावांनी ती पाण्यात टाकली सुद्धा. पाणी पिवळंधमक झालं. चांदी पिवळी, हरणी पिवळी, म्हस तेवढी काळीच राहिली.

प्रियंका स्वयंपाकघरातून आली, बघितलं आणि म्हणाली, "हळद तर झाली. आता मांडव कधी?"

सगळे हसले. आई हसली नाही. ती पेटीजवळ उभी होती, एका हातानं टेबल धरून. मी घाईघाईनं मासे बादलीत काढले, पाणी बदललं, आणि चौघंही जिवंत निघाले. पण त्या सकाळी आईनं भाकरी खाल्ली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला जवळ बसवलं.

"बाळू, मी पोळ्याला पुसेगावला जाते."

"जाऊ की. मी सोडतो. दोन दिवस राहून ये."

"येत न्हाई आता. तिथंच ऱ्हाते." ती शांतपणे बोलत होती, आणि त्यानंच मला धडकी भरली. "हितं मला काय दिसते? भिंत दिसते. मासे व्हते तं बरं व्हतं, आता ते बी दिसत न्हाईत. मुक्या जिवाला उगं तकलीफ. पोळ्याच्या दिवशी ज्या घरात जनावर न्हाई, त्या घरात मी काहून बसू?"

"आणि तिथं पडलीस म्हणजे?"

"पडले तं पडले," आई म्हणाली.

मला भीती वाटली. विनोद बाजूला ठेवून सांगतो, फार भीती वाटली. तो गोठा माझ्या डोळ्यासमोर आला, ती ओली फरशी, आणि हाक मारली तरी कुणाला ऐकू न जाणारी ती सकाळ. आई एकदा बोलली की बदलत नाही. पोळ्याला पंधरवडा राहिला होता. त्याआधी काच स्वच्छ झाली, मासे दिसायला लागले, तर काही आशा. नाहीतर पुसेगाव.

त्याच दिवशी हिंगोलीला दुकानात गेलो. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, औषधाची एक बाटली दिली, एक ब्रश दिला, एक पुडी दिली, आणि म्हणाला, "साब, पानी का घोंगा डालो. काच चाट के साफ करता. लेकिन अभी माल नहीं है. नांदेड से आएगा, पोळे के बाद."

पोळ्यानंतर घोंगा घेऊन मी काय करणार? आणि घोंगा म्हणजे काय, तर गोगलगाय! इथं माझी पंचाईत लक्षात घ्या. यंदा जून लागल्यापासून मी गावोगाव एकच भाषण ठोकतोय. शंखी गोगलगाय ही सोयाबीनची वैरीण, कोवळं रोप रातोरात फस्त करते. गोणपाटं गुळाच्या पाण्यात भिजवून बांधावर टाका, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा, मिठाच्या पाण्यात बुडवा, दया दाखवू नका. "दया दाखवू नका" ला मी मूठ आपटतो. आणि आता तोच मी, एक गोगलगाय मिळेल का म्हणून वणवण करणार. अर्थात ती पाण्यातली, वेगळ्या कुळातली, शाकाहारी आणि सज्जन. पण हे लोकांना कोण सांगत बसणार?

म्हणून मी हळूच उत्तमसिंगला फोन लावला. उत्तमसिंग बाळापूरजवळच्या तांड्यावरचा शेतकरी, शेततळ्याचा मालक आणि माझ्या भाषणांना पहिल्या रांगेत बसणारा एकमेव माणूस. म्हटलं, "उत्तमसिंगभाऊ, तुमच्या तळ्यातल्या दोन-चार गोगलगायी पाहिजेत. जिवंत. कुणाला सांगू नका."

"समजलं साहेब," उत्तमसिंग म्हणाला. "बराबर समजलं."

काय समजलं ते मला नंतर समजलं. उत्तमसिंगचा सरकारशी जुना संबंध आहे. खात्याचा माणूस दोन-चार म्हणतो तेव्हा त्याला वर दाखवायला ढीग पाहिजे असतो, आणि कुणाला सांगू नका म्हणतो तेव्हा टार्गेट चुकलेलं असतं, हे त्यानं आयुष्यभर बघितलंय. आपल्या साहेबाची इज्जत जाऊन राहिली, या विचारानं तो माणूस हेलावला. त्यानं अख्खा तांडा बांधावर उतरवला. गोणपाटं, गूळ, सगळं माझ्या भाषणाबरहुकूम. तळ्यातल्या दोन-चार कशाला, शेतातल्याच पोतंभर. दुसऱ्या दिवशी मी हिंगोलीला बैठकीत होतो आणि माझ्या फाटकापाशी शंखी गोगलगायींची दोन पोती येऊन पडली. उत्तमसिंगनं पोत्यांजवळ उभं राहून, माझ्या नावाची पाटी दिसेल असा फोटो काढला, शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, आणि माझ्या बायकोचा चहा पिऊन समाधानानं निघून गेला.

पोती सुतळीनं बांधलेली होती. पण व्यंकटरावांना पोत्यात भाजी आहे असं वाटलं. भाजी आहे तर कुठली आहे, आणि कुठली आहे तर कुणी दिली, हे बघितल्याशिवाय त्यांना दुपारची झोप लागेना. त्यांनी सुतळी सोडली, आत बघितलं, "अरे बापरे" म्हणाले, आणि सुतळी तशीच सोडून घरात जाऊन झोपले. त्यात श्रावणाची झड. गोगलगायींना यापेक्षा चांगली हवा कुठली?

संध्याकाळी मी परत आलो तेव्हा फाटकावर गोगलगायी, पाटीवर गोगलगायी, माझ्या नावातल्या 'बा' वर एक बसलेली. आणि भिंतीपलीकडून रुक्माबाईंचा आवाज. त्यांची वांग्याची रोपं, मेथी, झेंडू... गोगलगायींनी काहीही भेदभाव केला नव्हता.

"बालाजीराव! गावोगाव सांगत फिरता, गोगलगायी मारा. अन् घरी पाळून राहिलात व्हय?"

"वहिनी, त्या माशांसाठी..."

"मासे खातेत गोगलगायी?"

"नाही, गोगलगायी तांबेरा खातात. म्हणजे ह्या नाही, दुसऱ्या."

"दुसऱ्या बी येऊन राहिल्या?" रुक्माबाईंनी डोक्याला हात लावला. व्यंकटराव त्यांच्या मागं उभे राहून आभाळ बघत होते.

मी उत्तर द्यायच्या आत साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ. माणूस मोठा उत्साही, फोटो बघितला की पेटतो. "बालाजीराव, वा! घरीच संकलन केंद्र सुरू केलंत? लोकसहभाग म्हणतात तो हा!"

"साहेब, ते जरा वेगळं आहे. माशांच्या पेटीसाठी मी..."

"मासे मध्ये आणू नका. मत्स्यवाले वेगळे, श्रेय घेऊन जातील. मी सगळ्या गावांना कळवलंय, तुमच्या पत्त्यावर आणून द्या म्हणून."

आणि लोक आणू लागले. शासनाची कुठलीही योजना एवढ्या वेगानं राबवलेली मी बघितली नाही. पोती, घमेली, रंगाचे डबे. माणसं यायची, फाटकापाशी ठेवायची, फोटो काढायची, जायची. मीठ आणायला मी किराणा दुकानात गेलो आणि पोतंभर मागितलं तर दुकानदार म्हणाला, "कुणी गेलं का हो घरात? पुरायला एवढं मीठ लागतं, म्हणून विचारलं." तोपर्यंत निम्म्या गोगलगायी गल्लीत पसरल्या. कुणाच्या कढीपत्त्यावर, कुणाच्या स्कूटीच्या सीटवर. लोक माझ्याकडं बघून उठून उभे राहायला लागले, पण आदरानं नव्हे.

त्या रात्री मी डोकं धरून बसलो होतो. आई आतून काठी टेकत आली.

"बाळू, भाषणात तू काय सांगतो, ते सांग मला."

मी सांगितलं. गोणपाट, गुळाचं पाणी, पहाटे वेचणी. मूठ आपटायचंही विसरलो नाही.

"मंग कर की. लोकायला सांगतो अन् सोता डोकं धरून बसतो?" तिनं इकडं तिकडं बघितलं. "गोणपाट कुठं हाय घरात?" आणि व्यंकटरावांनी पेटीवर टाकलेलं गोणपाट तिनं सर्रकन ओढून काढलं.

मी अनेक साहेब बघितले, पण त्या दिवसापासून माझ्या आईनं जे केलं तसं काम करणारा अधिकारी मी बघितला नाही. पहाटे तिनं खुर्ची फाटकाबाहेर टाकली, मांडीवर काठी घेतली, आणि गल्लीला कामाला लावलं. रुक्माबाईंना गूळ कालवायला बसवलं. ज्यांना मेथी गेल्याचा सगळ्यात जास्त राग, त्यांनाच पहिलं काम. दुपारपर्यंत रुक्माबाई स्वतःच दुसऱ्यांवर ओरडायला लागल्या. व्यंकटरावांकडं तिनं नुसतं बघितलं, त्यांनी आपण होऊन घरातली सगळी गोणपाटं आणली. उत्तमसिंगला फोन करून बोलावलं. तो घाबरत आला, तर म्हणाली, "तुझी काय चूक न्हाई, लेकरा. तू साहेबाच्या इज्जतीसाठी केलंस. आता माह्यासाठी कर." बिचाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं तांड्यावरची माणसं आणली.

रोज पहाटे अख्खी गल्ली ओल्या गोणपाटांवर वाकलेली. मी वर्षानुवर्षं भाषणं देतोय, त्यानं कुठं एक पोतं ओलं झालं नव्हतं. आणि ही बाई खुर्चीत बसून, एका गुडघ्यावर, सगळं तंत्र जसंच्या तसं राबवत होती. आणि सकाळची वेचणी झाली की सगळ्यांबरोबर तिथंच फाटकात बसून भाकरी खायची! आधी सगळ्यांना चहा गेला का विचारायची, मग खायची. नेम तोच. मला तिचा इतका अभिमान वाटला, की प्रियंकाला सुद्धा बोलून दाखवला. ती म्हणाली, "मला लग्नापासून माहिती आहे. तुम्हाला आत्ता कळलं?"

साहेब फोटोला आले. गोजरबाई मधोमध, एका बाजूला उत्तमसिंग, एका बाजूला साहेब. मी कडेला उभा होतो. पेपरात छापून आला त्यात माझा कोपर आहे.

पोळ्याच्या दोन दिवस आधी गल्ली स्वच्छ झाली. आणि त्याच संध्याकाळी आईची पिशवी दाराशी येऊन बसली. दोन लुगडी, गुडघ्याचं तेल, डबा. पोळ्याच्या दिवशी सकाळच्या गाडीनं हिंगोली, तिथून पुसेगाव. मला वाटलं होतं, या गडबडीत ती विसरली असेल. आई विसरत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून तोंड पाडून आलो. आई पेटीसमोर होती, नाक काचेला लावून. आणि काच...

काच स्वच्छ होती.

इतके दिवस त्या पेटीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. खाद्य प्रियंका टाकायची, बस. गोणपाट गेल्यानं उजेड आला होता. पाणी उपसलं नव्हतं, वाळू बदलली नव्हती, दुकानातली बाटलीही उघडली नव्हती. तांबेरा आपण होऊन गेला होता, एका कोपऱ्यात बोटभर राहिला होता तेवढाच. चांदी, हरणी, कपिली लखलखीत दिसत होत्या. म्हस तळाशी आडवी होऊन रवंथ करत असावी अशी पडली होती.

मी तिथूनच हिंगोलीच्या दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, हे कसं झालं?

"नई टंकी थी ना साब. ताज़ा पानी, ताज़ी रेती, उसी पे पलता वो. छेड़ो मत, तो अपने आप जाता."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"साब," तो सरळ म्हणाला, "कुछ मत करो बोलता, तो आप बाटली लेते क्या?"

मी आईला सांगितलं. ती मान न वळवता म्हणाली, "तुला वेळ भेटला न्हाई, म्हून माशायचं भलं झालं."

मग ती उठली. आत गेली आणि वाटीत हळद-तूप कालवून घेऊन आली. उत्तमसिंग पळसाची पानं घेऊन दारात उभा होता, आईनं त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेले बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे, पळसाच्या पानानं शेकायचे, आणि उद्याच्या पुरणपोळीचं आवतण द्यायचं. वाटी बघून मी पेटीच्या आडवा झालो.

"आई, पाण्यात तूप टाकू नको!"

"येडी हाय का मी?" तिनं पळसाचं पान तुपात बुडवलं आणि पेटीखालच्या टेबलाचे चारी कोपरे मळले, हळूहळू, दाबून, जसे बैलाचे मळायची तसे. रुक्माबाई आणि व्यंकटराव दारात येऊन उभे राहिले. कुणी हसलं नाही. प्रियंकानं निरांजन आणलं.

"बाळू, घरधनी तू हायेस. आवतण दे."

"मी?"

"मंग काय साहेबाला बलावू?"

मी, सहायक कृषी अधिकारी, उत्तमसिंगच्या आणि सगळ्या गल्लीच्या देखत, हात जोडून काचेपुढं वाकलो. लहानपणी वडिलांच्या मागं उभा राहून बैलाच्या कानाशी म्हणायचो तेच म्हणालो.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

म्हशीनं पाठ फिरवली. बाकीच्या तिघी काचेशी आल्या. माझा आवाज जरा फुटला होता, तो मी खोकल्यात घातला.

"आई," मी विचारलं, "मग उद्याच्या गाडीचं कसं?"

"कोनती गाडी?" आई म्हणाली. "आवतण दिलं की आत्ता. घरी पाव्हणे बलावून घरची बाई गावाला जाते व्हय?" आणि दाराकडं बघून, "रुक्माबाई, उद्या पुरणाला या. उत्तमसिंग, तू बी ये, बायकोला घेऊन ये."

प्रियंकानं दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत नेली. मला काहीतरी करायला पाहिजे होतं, नाहीतर मी सगळ्यांसमोर रडलो असतो. कोपऱ्यातला तो बोटभर तांबेरा दिसला. मी खिशातून रुमाल काढला आणि बाही वर केली.

आईनं माझ्या हातावर फटका मारला.

"ऱ्हाऊ दे. मी हाय हितं, मी बघते."